‘आमच्या टॅक्सवर शिकता’ म्हणणाऱ्यांना पिंप्राळ्यातून उत्तर

“तुम्ही लोक आमच्या टॅक्सवर शिकता!” एम.ए. अर्थशास्त्र करणाऱ्या आमच्या एका भगिनीला वर्गमित्राने शिष्यवृत्तीवरून हे ऐकवले. त्याच आठवड्यात वर्गात ‘सार्वजनिक आयव्यय’ शिकवला जात होता. ॲडम स्मिथच्या कराच्या चारही कसोट्या तिला पाठ होत्या, पण उत्तर सुचले नाही. पिंप्राळ्यातल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात तिने हे सांगितले, तेव्हा आम्ही तो दिवस करावरच घालवला.

उत्तर तिच्या मोबाइलमध्येच होते. 236 रुपयांच्या रिचार्जमध्ये 36 रुपये जीएसटी असतो. स्पर्धा परीक्षेच्या खासगी क्लासच्या फीवरही हाच 18 टक्के दर आहे. अंगाचा साबण 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला, वह्या-पेन्सिली करमुक्त झाल्या. त्याचे स्वागतच आहे. पण साबण विकताना दुकानदार गिऱ्हाइकाची मिळकत विचारत नाही. मजुरीला जाणारी आई आणि बंगल्यातले साहेब यांना कर सारखाच, आणि आईच्या कमाईतला त्याचा वाटा मात्र मोठा. यालाच पुस्तकात प्रतिगामी कर म्हणतात. दुसरीकडे, 2025-26 पासून नव्या करप्रणालीत वर्षाला 12 लाखांपर्यंत कमावणाऱ्या पगारदाराला आयकर शून्य. मग ‘करदाता’ कोण? भाड्याने राहणारासुद्धा घरमालकाची घरपट्टी भाड्यातून भरतच असतो.

हा विषय आपल्याला परका नाही. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे नामवंत अभ्यासक. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ 1925 साली निघाला, त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके हेच बोट ठेवले: ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाला आयकरातून सूट, पण तुकडाभर जमीन असलेल्या शेतकऱ्याला शेतसाऱ्यातून सुटका नाही. आपण दर 14 एप्रिलला मिरवणूक काढतो. हे भाषण किती जणांनी वाचले आहे? (आमच्यातल्याही निम्म्यांनी त्या रविवारी पहिल्यांदा वाचले.)

कराचा हेतू तिजोरी भरणे एवढाच नसतो, विषमता कमी करणे हाही असतो. शिष्यवृत्ती त्याच हेतूत बसते. खरा प्रश्न पुढे आहे. 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. महिलांना पैसे मिळावेत, त्याला आमचा विरोध नाही. पण अनुसूचित जातींचा हक्काचा निधी त्याच कामी लागावा, यासाठी कर्नाटक आणि तेलंगणात कायदा आहे. महाराष्ट्रात तो का नाही, हे आपल्या आमदारांना विचारले पाहिजे.

पुढच्या रविवारी आम्ही जळगाव महापालिकेचे अंदाजपत्रक घेऊन बसणार आहोत. त्या भगिनीने वर्गमित्रालाही बोलावले आहे.