घड्याळ त्याचं, हप्ते तिचे

दिवाळी आली, लग्नाचा वाढदिवस आला, अधिक महिना आला, की मोबाइलवर आणि बाजारपेठेतल्या पाट्यांवर एकच शब्द ठळक होतो: सवलत! कपड्यांवर, मिक्सरवर सवलत ही जुनी गोष्ट झाली. आता त्यात भारी घड्याळांची भर पडली आहे. मूळ किंमत ६२,०००, त्यावर काट मारलेली, खाली ठळक अक्षरांत ३१,०००. आणि जाहिरात नेमकी कमावत्या बायकोला उद्देशून केलेली. नवऱ्यावर तुमचं किती प्रेम आहे ते दाखवायची ही संधी, तीही अर्ध्या किमतीत!

मी खेड तालुक्यात बचत गटांचं आणि कौटुंबिक सल्ल्याचं काम करते. अशा घड्याळांच्या गोष्टी माझ्यापुढे येतात त्या भांडणांच्या आणि कर्जाच्या रूपाने. त्या ऐकून माझं जे मत झालं आहे ते स्पष्टच मांडते. ज्या घरात बाईला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्या घरात बायकोने नवऱ्याला दिलेलं भारी घड्याळ म्हणजे भेट नव्हे. तो हुंड्याचाच पुढचा हप्ता आहे. फरक एवढाच की पूर्वी तो बाप भरायचा, आता ती स्वतः भरते.

घड्याळाचं आणि जावयाचं नातं जुनं आहे. १९६१ साली हुंडाप्रतिबंधक कायदा आला. त्याच साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. म्हणजे एकाच वर्षी देशाने हुंड्यावर बंदी घातली आणि जावयाच्या मनगटाचीही सोय केली! अंगठी, सायकल, ट्रान्झिस्टर आणि घड्याळ ही यादी आपल्या आयांना तोंडपाठ होती. कोणी तिला हुंडा म्हणत नसे. ती ‘करणी’ होती, ‘मानपान’ होता, ‘आम्ही काही मागितलं नाही, त्यांनीच हौसेनं दिलं’ होतं. पुढे २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. मानपान बंद करायचं मात्र कोणी ठरवलं नाही. दिवाळसण आहेच, आणि साधारण दर ३२-३३ महिन्यांनी येणारा अधिक मास आहेच. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. ३३ अनारशांचं वाण एके काळी ताटात मावत असे. बाजाराने त्याला सोनं, मोबाइल आणि घड्याळ जोडून दिलं.

आता सून नोकरी करते. लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाते, दवाखान्यात, दुकानात, शाळेत काम करते. सासरच्यांना माहेरी निरोप धाडायची गरज उरलेली नाही. मागणी घरातल्या घरात भागते.

एका बाईची हकिकत सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. पगार १२,०००. थोरल्या जावेने दिवाळीत आपल्या नवऱ्याला भारी घड्याळ घेतलं. सासू हिला एवढंच म्हणाली, “थोरलीनं घेतलंन. तू पण मिळवतेस ना? चार माणसांत त्याची शोभा राहू दे.” मग रोज जेवताना तोच विषय. हिने गटातून १५,००० कर्ज काढलं, उरलेल्याचे मोबाइलवरून हप्ते बांधले. गटाच्या वहीत कारण लिहिलं: घरदुरुस्ती. तिसऱ्या महिन्यात मुलगी तापाने फणफणली. पहिलं कर्ज फिटल्याशिवाय गट दुसरं देईना. नवरा म्हणाला, “मी कुठे मागितलं होतं? तुलाच हौस!” मला ती म्हणाली, “ताई, मला त्या घड्याळाचा राग नाही. पण हौस माझी होती असं आता सगळे म्हणतात, त्याचं काय करू?”

मैत्रिणींनो, या ‘हौसे’ची उलटतपासणी आपण केली पाहिजे.

पहिला मुद्दा पैशाचा. ६२,००० चं घड्याळ ३१,००० ला मिळालं की बाई म्हणते, “३१,००० वाचवले!” वाचले काहीच नाहीत, ३१,००० गेले. २०२५-२६ साली रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे हे घड्याळ शंभर दिवसांच्या मजुरीएवढं पडलं. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपये धरले तर वीस महिन्यांहून जास्त. आणि बिनव्याजी हप्ते? असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत नाहीतर शुल्कात कुठेतरी दडवलेलं असतं. शिवाय अधिकृत विक्रेत्याबाहेर स्वस्तात मिळणाऱ्या घड्याळाला कंपनीची हमी असेलच असं नाही, आणि हुबेहूब नकलांचा बाजार तर मोठाच आहे. जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की काय होतं ते २०२१ च्या जुलैत आपण पाहिलं. अशा वेळी बाईच्या उपयोगी पडतो तो गाठीचा पैसा नाहीतर दागिना. घड्याळ कोणती पतपेढी तारण ठेवून घेते?

ही हाक अजून मोठी होणार आहे. स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढायचं त्यात ठरलं आहे. चंगळवाद आपल्या उंबऱ्यावर येतो तो नेहमी ‘आता तुम्हालाही परवडेल’ असं म्हणतच.

दुसरा मुद्दा वेळेचा, कारण गोष्ट घड्याळाची चालली आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही सगळी बिनपगारी मिनिटं. ज्या घरात तिच्या जवळजवळ पाच तासांचा हिशेब कोणी ठेवत नाही, त्याच घरात त्याच्या मनगटावर वेळ दाखवणारी वस्तू तिच्याच पगारातून चढते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. ‘नवऱ्याने बायकोकडे काही मागितलं तर तो हुंडा कसा?’ असं मला बैठकीत विचारलं जातं. १९८३ साली आलेलं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आहे. त्यात क्रूरतेची व्याख्या करताना म्हटलं आहे की मालमत्तेची बेकायदा मागणी पुरी करायला तिला स्वतःला किंवा तिच्या नातलगांना भाग पाडण्यासाठी छळ केला, तर तीही क्रूरताच. ‘तिला स्वतःला’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही अशा मागणीसाठी होणारा छळ हिंसाचारात धरतो. प्रत्येक टोमण्याचा खटला होत नाही, हे मलाही कळतं. पण रोजच्या टोमण्याला ‘घरातली गंमत’ म्हणणं तरी आपण थांबवू शकतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं: “तुम्हा बायकांच्या संघटनांना प्रेमसुद्धा बघवत नाही!” बघवतं की. नवराबायकोने एकमेकांना काही द्यावं, त्यात आनंद आहे. पण तो आनंद आहे की धाक, हे ओळखायला तीन प्रश्न पुरेत. कर्ज काढलेलं त्याला माहीत आहे का? हप्त्यात त्याचा वाटा आहे का? आणि घेतलं नसतं तर घरात काय झालं असतं? तिसऱ्या प्रश्नाला बाई गप्प झाली, तर ती भेट नव्हती.

म्हणून गटांना माझं सांगणं आहे. कर्जाच्या वहीत खरं कारण लिहा. ‘घरदुरुस्ती’च्या नावाखाली घड्याळ, मोबाइल, जावयाचं वाण लपवू नका. लपवल्याने लाज राखली जाते ती मागणाऱ्याची. मुलीचं लग्न ठरलं तर दिल्याघेतल्या वस्तूंची सह्यांनिशी यादी करा. १९८५ च्या नियमांनी ती आपल्याला सांगितलेलीच आहे, पण ती करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजता येतील. हळदीकुंकवाला ‘तू नवऱ्याला काय घेतलंस?’ हा प्रश्न आपण एकमेकींना विचारू नये. तिथूनच जावाजावांची चढाओढ सुरू होते आणि सासूच्या हाती आयतं कोलीत मिळतं. आणि नवऱ्यांशीही बोला. बायकोच्या पगारातलं घड्याळ मनगटावर बांधण्याआधी त्यांनी एकदा तरी तिचं पासबुक पाहावं.

हौस करायला आमची ना नाही. पण हौस जर बाईची असेल, तर ती न करण्याचा अधिकारही बाईचाच असला पाहिजे. पुढच्या बैठकीत कर्जाच्या वह्या उघडून याच विषयावर बोलू या.