मुक्त विद्यापीठाची एम.ए. परदेशात चालते काय?

मुक्त विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केली तर परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळते काय, हा प्रश्न आपल्या तरुणांकडून वारंवार विचारला जातो. विचारणारे कोण आहेत? कोणी विनाअनुदानित शाळेत नाममात्र पगारावर राबतो आहे, कोणी तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत बेकार असतो, कोणी दिवसा दुकानात हिशेब लिहून रात्री इग्नूची पुस्तके उघडतो. दुबई, मस्कत, रियाध येथे इंग्रजीचे शिक्षक लागतात असे त्यांनी ऐकलेले असते. आणि जिल्ह्याच्या गावातला एजंट त्यांना छातीठोकपणे सांगतो, "एम.ए. आहे ना? मग काम झालेच समजा." प्रत्यक्षात काम झालेले नसते. या विषयावर स्पष्ट लिहिणे आम्हाला भाग आहे, कारण यात बुडतात ते आपल्याच पोरांचे पैसे.

आधी घरातला हिशेब. दूरशिक्षणाची पदवी म्हणजे दुय्यम माल, असे नाक मुरडणारे प्राध्यापक महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यांनी कायदा वाचावा. इग्नूची स्थापना १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने झाली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने तशी जाहीर सूचनाही काढली. या एम.ए.वर नेट-सेट देता येते, सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. पोटाचा धंदा सांभाळून शिकणारा विद्यार्थी कमअस्सल असतो, ही कल्पना ज्यांना कधी पोटाची चिंता पडली नाही त्यांची आहे. नेल्सन मंडेला यांची एल्एल.बी. तुरुंगातून, पत्रद्वारा शिक्षणाने, १९८९ मध्ये पूर्ण झाली. त्या पदवीला दुय्यम म्हणण्याची कोणाची छाती होती?

पण आपल्याकडचा कायदा विमानतळापर्यंत. पुढे दुसऱ्याचे राज्य आणि दुसऱ्याचा कायदा. तिथे आपली पदवी शाळेचा मालक तपासण्याआधी तिथले सरकार तपासते, हे आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही.

आखाती देशांचे उदाहरण घ्या. तिथे शिक्षक म्हणून काम करायचे तर पदवीला समकक्षता मिळवावी लागते. त्यासाठी तिथले अधिकारी आपल्या विद्यापीठाकडून पदवी खरी असल्याचे पत्र मागतात आणि त्या पत्रात शिक्षण कोणत्या पद्धतीने झाले हे लिहावे लागते. नियमित, बहिःस्थ की दूरशिक्षण? या एका रकान्यावर अनेकांचे अर्ज अडतात. मुलाखत उत्तम झालेली असते, शाळेने होकार दिलेला असतो, आणि फाइल मंत्रालयात पडून राहते. सौदी अरेबिया आणि ओमानमधल्या कॉलेजांच्या जाहिराती नीट वाचल्या तर एम.ए. पूर्णवेळ आणि वर्गात हजर राहून केलेली असावी, अशी अट त्यात दिसते. हा नियम फक्त भारतीयांसाठी नाही. लंडनहून घरबसल्या घेतलेल्या पदवीलाही तिथे हाच प्रश्न विचारला जातो.

हा रकाना किती घातक ठरू शकतो हे २०१८-१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत दिसले. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर 'इंटर्नल' आणि 'एक्स्टर्नल' असे दोन रकाने असतात. कॉलेजने दिलेले गुण आणि विद्यापीठाच्या परीक्षेचे गुण, एवढाच त्याचा अर्थ. तिथे 'एक्स्टर्नल'चा अर्थ बाहेरून केलेले शिक्षण असा लावला गेला आणि नियमित शिकलेल्या, वर्षानुवर्षे तिथे शिकवत असलेल्या भारतीय शिक्षकांचीही समकक्षता अडली. शेवटी भारतीय दूतावासाला मध्ये पडून समजूत घालावी लागली. नियमित पदवीवाल्यांची जिथे ही गत झाली, तिथे खरोखरच दूरशिक्षणाने शिकलेल्याची बाजू कोण मांडणार?

इथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा आणि दूतावासाचा शिक्का मारून आणला म्हणजे पदवी मान्य झाली, असे एजंट सांगतात. हे खोटे आहे. शिक्का सांगतो की कागद खरा आहे आणि सही खरी आहे. त्या कागदाची किंमत किती धरायची, हे समकक्षता ठरवते. दोन्हींचे दरवाजे वेगळे, फी वेगळी. शिक्क्यांवर हजारो रुपये घालून पुढच्या दरवाजातून परत फिरावे लागते ते यामुळेच.

मग दूरशिक्षणाच्या एम.ए.ला परदेशात कुठेच किंमत नाही काय? तसेही नाही. ब्रिटनमधील ॲस्टन, लेस्टर, बर्मिंगहॅम या विद्यापीठांनी इंग्रजी अध्यापनातील मास्टर्स पदवी दूरशिक्षणाने दिली आणि जगभरच्या भाषासंस्थांमधून त्या पदवीवर माणसे वरच्या जागी गेली. पण ती पदवी घेणारे बहुतेक आधीपासून शिक्षक होते. चार-पाच वर्षे वर्गात उभे राहिल्यावर त्यांनी ती घेतली, आणि पर्यवेक्षक, प्रशिक्षक किंवा अभ्यासक्रम आखणारे होण्यासाठी ती कामाला आली. नोकरीत शिरण्याचा दाखला म्हणून ती क्वचितच चालते.

आपल्या एम.ए.त काय असते? इग्नूच्या एम.ए. इंग्रजीत ब्रिटिश काव्य, ब्रिटिश नाटक, ब्रिटिश कादंबरी असते, साहित्यसमीक्षा असते. तीस टक्के गुण स्वाध्यायाला, सत्तर टक्के लेखी परीक्षेला. अभ्यास चांगला आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु संपूर्ण दोन वर्षांत विद्यार्थ्याला एकदाही फळ्यासमोर उभे करून कोणी पाहत नाही. दुसरीकडे केंब्रिजचे सेल्टा नावाचे प्रमाणपत्र आहे. एकशेवीस तासांचा अभ्यासक्रम, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवायचे आणि मागे परीक्षक बसलेला. पूर्णवेळ केले तर चार-पाच आठवड्यांत संपते. भाषासंस्थेचा मालक दोन वर्षांची एम.ए. बाजूला ठेवतो आणि हे प्रमाणपत्र आहे का ते विचारतो. शेक्सपिअर आणि मिल्टन वाचलेल्या आपल्या पोराला हा अपमान वाटतो. आम्हाला मात्र इथे मालकाचे बरोबर वाटते. त्याला वीस अरबी किंवा चिनी मुलांकडून तासाभरात इंग्रजी बोलून घेणारा माणूस हवा आहे. मिल्टनचा त्याच्याशी संबंध नाही.

पूर्व आशियाकडे वळलो की गोष्ट आणखी निराळी. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. चीनमध्येही इंग्रजी ज्यांची मातृभाषा अशा देशांच्या लोकांनाच झुकते माप आहे. तिथला बी.ए. झालेला कोणत्याही विषयाचा पोरगा चालतो. आपला इंग्रजीचा एम.ए., मग तो नियमित असो की मुक्त, रांगेतच उभा राहू शकत नाही. जन्म कुठे झाला यावर माणसाची लायकी ठरवायची ही रीत आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक करार जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्यात भारतीयांसाठी एक फट ठेवली आहे. सरकारी शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून भारतीय जाऊ शकतो. पण त्यासाठी काय लागते? पदवी आणि अध्यापनाची अर्हता. एम.ए.चा आग्रह तिथेही नाही.

एकूण चित्र हे असे आहे. भारतीय माणूस इंग्रजीचा शिक्षक म्हणून प्रामुख्याने जातो तो आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत, मालदीवमध्ये, इथियोपियासारख्या आफ्रिकी देशांत. शाळेतल्या नोकरीत वजन आहे ते बी.एड.ला आणि अनुभवाच्या दाखल्याला. म्हणून आमचा सल्ला असा की ज्या पदव्यांवर परदेशात नोकरी मागायची आहे, ती बी.ए. आणि ते बी.एड. नियमित असू द्या. त्यानंतर शाळेत शिकवता शिकवता दूरशिक्षणाने एम.ए. करा. ती तुमची जास्तीची कमाई राहील, तिच्यावर सगळी इमारत उभी राहणार नाही. इग्नू आणि नाशिकच्या विद्यापीठाचे बी.एड. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, हेही लक्षात घ्यावे. आणि अनुभवाचा दाखला शाळा सोडतानाच घ्या. विनाअनुदानित संस्थाचालक पाच वर्षे राबवून घेतात आणि दाखला मागितला की हजेरीपटावर नाव नव्हते म्हणतात. पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा हाच मग एकमेव आधार उरतो.

सरकारलाही आम्ही सोडणार नाही. नियमित शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत, असे उत्तर मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, आणि वयाची मर्यादा ३५. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. या योजना हव्यातच, त्यातून आपली मुले मोठमोठ्या विद्यापीठांत गेली आहेत. पण संपूर्ण देशाला ११५! बाकीचे मुक्त विद्यापीठात जाणार नाहीत तर कुठे जाणार? ज्या सरकारने त्यांना तिकडे पाठवले, पदवी समान आहे म्हणून सूचना काढली, त्याच सरकारने दुसऱ्या देशाशी करार करताना या पदवीची बाजू मांडली पाहिजे. गुणपत्रिकेतल्या एका शब्दासाठी दूतावास धावून जाऊ शकतो, तर लाखो विद्यार्थ्यांच्या पदवीसाठी का नाही? विद्यापीठांनी तरी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ठळक छापावे की ही पदवी भारतात समान आहे, परदेशात समकक्षता ज्या त्या देशाच्या नियमाने मिळेल. पडताळणीचे पत्रही महिनोन्महिने अडवून ठेवू नये, कारण त्या काळात जागा दुसऱ्याला जाते.

उरला एजंट. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात. दोन-तीन लाख मागणारा, पावती न देणारा माणूस कायद्याबाहेरचा आहे, मग तो नात्यातला असो की समाजातला. त्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या संस्थेत कोणती जागा आहे, त्या जागेसाठी तिथले मंत्रालय कोणती पदवी मागते, आणि दूरशिक्षणाची पदवी त्यात धरली जाते काय. तो लिहून देत नसेल तर उठून यावे. त्याच्या नोंदणीचा क्रमांक ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही तपासता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.