अंथरूण पाहून पाय किती आखडायचे?

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण खर्चाबद्दल आहे हे कबूल. पण सहा फूट दोन इंचांच्या माणसाला ती शब्दशः लागू होते आणि त्याला तिचा फार जाच होतो. बसची सीट, सरकारी विश्रामगृहातली खाट, रेल्वेचा वरचा बर्थ, सगळीकडे त्याने आपले पाय आखडून घ्यायचे. त्यात आता थंडीच्या ट्रेकला मिळणाऱ्या स्लीपिंग बॅगची भर पडली आहे.

बिदर शहराला लागून असलेल्या मैलूरला माझे एक स्नेही राहतात. उंची वर लिहिली तेवढीच. हिमालयातल्या एका ट्रेकला ते गेले होते. आयोजकांनी सगळ्यांना एकाच मापाच्या बॅगा वाटल्या. यांच्या बॅगेची चेन खांद्याशी अडली, टोपी डोक्यापर्यंत पोचेना. आतून पायाची बोटे कापडाला टेकलेली, त्यामुळे बर्फावर पाय ठेवल्यासारखे वाटत होते म्हणे. चार रात्री गुडघे पोटाशी घेऊन काढल्या. बरोबरच्या मंडळींना हा विनोद वाटला. मला तो वाटला नाही.

कारण साधे आहे. बॅग स्वतः ऊब देत नाही. ऊब शरीराची, बॅगेने ती फक्त धरून ठेवायची, आणि तीही पिसांत किंवा कृत्रिम धाग्यात अडकलेल्या हवेच्या जोरावर. उंच माणसाच्या पायाने आणि खांद्याने तो थर ताणून दाबला गेला की हवा निघून जाते आणि नेमकी पावले गार पडतात. उलट फार मोठी बॅग घेतली तर आतली रिकामी जागा तापवण्यातच रात्र जाते. म्हणजे 'मोठी घेतली की झाले' हेही खरे नाही. माप माणसाचेच हवे.

बॅगेवर छापलेल्या तापमानाचीही गंमत आहे. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ हे मानक आले, पुढे २०१६ मध्ये आयएसओ २३५३७. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. 'कम्फर्ट' हा आकडा १६० सेंटीमीटर उंचीची, ६० किलोची बाई धरून काढलेला, आणि 'लिमिट' हा १७३ सेंटीमीटरचा, ७३ किलोचा पुरुष धरून. १८८ सेंटीमीटरचा माणूस या हिशेबात कुठेच नाही! तेव्हा उंच माणसाने 'लिमिट'वर जाऊ नये, 'कम्फर्ट'चा आकडा पाहावा आणि त्यातही चार-पाच अंश हाताशी ठेवावेत. 'एक्स्ट्रीम' म्हणून तिसरा आकडा असतो. तो झोपण्यासाठी नव्हेच, जीव कसाबसा वाचण्यासाठी आहे. दुकानदार मात्र मोठ्या अक्षरात बहुधा तोच दाखवतो.

परदेशी कंपन्या साधारणपणे सहा फुटांपर्यंत 'रेग्युलर' आणि साडेसहा फुटांपर्यंत 'लाँग' अशी दोन मापे काढतात. आपल्याकडच्या दुकानांत 'लाँग' मागितले की 'सगळ्यांना होते हो' असे उत्तर मिळते. ऐकू नये. दुकानातच फरशीवर बॅग पसरून, चेन लावून, टोपी ओढून झोपून पाहावे. लोक हसतील, हसू देत. पाय सरळ केल्यावर पायथ्याशी वीतभर मोकळे राहिले पाहिजे. अंगाखालचा थर वजनाने दबतोच, म्हणून जमिनीचा गारवा अडवते ती मॅट. तीही बहुतेक सहा फुटांचीच असते. तेव्हा पावलांखाली रिकामी सॅक सरकवावी.

आमच्या गोव्यात हे सगळे कशाला, असे कोणी म्हणेल. मोलेला किंवा नेत्रावळीला डिसेंबरात जाड चादर पुरते, खरे आहे. पण आपली पोरे हल्ली हिमालयात जातात आणि बॅग घरी येते ती गोव्याच्याच हवेत. पिशवीत कोंबून माळ्यावर टाकली तर चतुर्थीपर्यंत तिला बुरशी धरलीच समजा. टांगून ठेवावी, उन्हाची तिरीप आली की वारा द्यावा. पिसे ओली झाली की ऊब संपली.

मैलूरचे स्नेही घरी गच्चीवर झोपतात ते घोंगडीत. बिदर दख्खनच्या पठारावर, जवळपास ७०० मीटर उंचीवर, तिथली जानेवारीची पहाट चांगलीच झोंबते. दख्खनी मेंढीची काळी लोकर, चिंचोक्याची खळ, खड्ड्यातला माग असा तो माल. जवळच खानापूरला मैलार मल्लण्णाचे देऊळ आहे. मैलार म्हणजे आपला खंडोबाच, आणि त्याचे गोरवय्या अंगावर काळी कांबळच घेतात. आमच्याकडेही धनगर आणि शेतकरी पावसात कांबळीची खोळ घेत. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. आणि घोंगडी माणसापेक्षा हात-दीड हात लांबच विणतात. डोक्यावरून घेतली तरी पाय झाकलेले. ती टोचते आणि दोन-अडीच किलो वजनाची असते, म्हणून पाठीवर घेऊन चार हजार मीटर चढा असे मी म्हणणार नाही. पण माणूस लांब असू शकतो हे त्या विणकराला ठाऊक आहे आणि ट्रेक आयोजकाला नाही, याचे मला नवल वाटते.

ट्रेकच्या अर्जात रक्तगट विचारतात, वजन विचारतात, डॉक्टरचा दाखला मागतात. मग उंचीचा एक रकाना घालायला काय हरकत आहे? अर्ज हाताळण्यातच माझा दिवस जातो, तेव्हा एक रकाना वाढवायला किती कष्ट पडतात ते मला चांगले माहीत आहे. शंभर बॅगांत दहा लांब मापाच्या ठेवल्या तर कोणाचे दिवाळे निघणार नाही. तोवर उंच मंडळींनी पैसे भरण्याआधीच फोन करून विचारावे, बॅग किती सेंटीमीटरची आहे? उत्तर 'सगळ्यांना होते' असे आले, तर आपली बॅग आपण न्यावी.