पाहुणा सूर

पोवाड्याच्या फडात शाहीर कडव्याच्या शेवटी येतो आणि मागे उभे असलेले झीलकरी त्याचा सूर उचलून धरतात. शाहिराला श्वास घेण्यास तेवढीच उसंत मिळते. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत तानपुरा घेऊन बसलेला शिष्य गुरूच्या दोन आलापांमधील जागा हलक्या स्वराने भरून काढतो. फलकावर नाव गुरूचे असते, शाहिराचे असते; मागून सूर देणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. या कामासाठी मराठीत ‘साथ’ असा साधा आणि अर्थपूर्ण शब्द आहे.

नवख्या कलावंताने साथ करावी यात नवल नाही. ज्याचे स्वतःचे नाव घरोघरी पोहोचले आहे, असा गायक दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेत पाहुणा होऊन जातो, तेव्हा मात्र त्याच्या कलेइतकीच त्याच्या स्वभावाचीही परीक्षा होते. घर दुसऱ्याचे, रीत दुसऱ्याची आणि वाट्याला आलेली जागा कधी चार ओळींची, तर कधी एका आलापाची. तेवढ्या जागेत आपले असणे जाणवू द्यायचे आणि यजमानाचे घर मात्र झाकोळू द्यायचे नाही. आशा भोसले यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीतील असे पाहुणे सूर हा तुलनेने कमी परिचित, पण फार बोलका भाग आहे.

८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीत जन्मलेल्या आशाताईंनी १९४३ मध्ये ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी पहिले गीत गायले. १९४८ च्या ‘चुनरिया’पासून त्यांचा हिंदी चित्रपटांतील प्रवास सुरू झाला. २०११ मध्ये गिनेस बुकाने त्यांच्या नावे विक्रम नोंदविला, तेव्हा वीसहून अधिक भारतीय भाषांतील सुमारे अकरा हजार गीतांचा उल्लेख केला. त्या नोंदीत एकल आणि युगुलगीतांबरोबर वृंदगानाच्या साथीने गायिलेल्या गीतांचीही गणना होती. पार्श्वगायनाचा व्यवसायच मुळी दुसऱ्याच्या चेहऱ्याला आवाज देण्याचा. त्यामुळे स्वतः पडद्याआड राहून गाणे उभे करण्याची सवय या गळ्याला बालपणापासूनच होती. पुढे परदेशी कलावंतांकडे पाहुणी म्हणून जाताना तीच सवय उपयोगी पडली.

१९९१ मध्ये इंग्लंडमधील गायक बॉय जॉर्ज याने ‘बाउ डाउन मिस्टर’ हे गीत प्रसिद्ध केले. हरे कृष्ण पंथाच्या भक्तिसंगीताच्या प्रभावातून ते स्फुरले होते. गीताचा प्रमुख स्वर अर्थातच जॉर्जचा; भोवती पाश्चात्त्य धाटणीचा वृंदघोष. त्या गजरात आशाताईंचा आवाज येतो आणि दूरवरच्या देवळातील गाणे खिडकीतून ऐकू यावे तसा भास होतो. त्यांनी ठरवले असते तर तानांची आतषबाजी करून सारे गीत आपल्याकडे ओढून घेता आले असते. त्यांनी तसे केले नाही. गाण्याला ज्या मातीचा गंध हवा होता, तेवढा दिला आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

१९९६ च्या ‘लेगसी’ या ध्वनिमुद्रिकेतील पाहुणचार निराळ्या जातीचा. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे त्यांचे पिता उस्ताद अलाउद्दीन खाँ यांच्या परंपरेतून आलेल्या जुन्या बंदिशींचा ठेवा होता. त्यातील काही बंदिशी आशाताईंच्या कंठातून उमटाव्यात, अशी खाँसाहेबांची इच्छा होती. साठी ओलांडलेली, चित्रपटसंगीतात सर्व काही मिळविलेली गायिका त्यासाठी कॅलिफोर्नियात गेली आणि खाँसाहेबांपुढे शिष्येसारखी बसून त्या बंदिशी शिकली. चित्रपटगीत तीन-चार मिनिटांत आपला सारा रंग दाखविते. त्या बंदिशींना संथपणा आणि संयम हवा होता. मा. दीनानाथांच्या कन्येला शास्त्रीय संगीत परके नव्हते. पण कीर्तीच्या शिखरावर असताना पुन्हा पाटीवर पहिले अक्षर गिरवायला बसणे सोपे नसते. या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र राहते ते सरोदच्या सुरामागून चालणाऱ्या त्या आवाजाचे शिष्यपण.

पुढे काळ बदलला आणि पाहुण्याने यजमानाच्या घरी जाण्याचीही गरज उरली नाही. जेमी कॅटो आणि डंकन ब्रिजमन हे दोन इंग्रज संगीतकार ‘वन जायंट लीप’ या प्रकल्पासाठी संगणक बरोबर घेऊन देशोदेशी हिंडले. एका देशात मुद्रित केलेल्या सुरावर दुसऱ्या देशातील कलावंताचा सूर चढवीत त्यांनी गीते रचली. त्यातील ‘द वे यू ड्रीम’ या २००२ च्या गीतात आर. ई. एम. या अमेरिकन वाद्यवृंदाचा गायक मायकेल स्टाइप आणि आशाताई एकत्र ऐकू येतात. स्टाइपचा आवाज खोल, स्वतःशी बोलल्यासारखा. आशाताईंचा त्यावर तरंगत जाणारा. संगीताच्या दोन निरनिराळ्या परंपरांत वाढलेले हे आवाज एकमेकांची वाट अडवीत नाहीत, यातच त्या गीताचे सौंदर्य आहे.

या साऱ्यांत सर्वांत हृद्य पाहुणचार २००५ मधील. सॅन फ्रान्सिस्को येथील क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या विख्यात चमूने राहुल देव बर्मन यांच्या गीतांची ध्वनिमुद्रिका करण्याचे ठरविले. ‘चुरा लिया है तुमने’ या १९७३ च्या गीताच्या मुखड्यावरून तिचे इंग्रजी नाव ठेवले आणि गाण्यासाठी आशाताईंना बोलाविले. तबल्यावर उस्ताद झाकिर हुसेन होते आणि पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान. बर्मन जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. म्हणजे पत्नी आपल्या दिवंगत पतीच्या चाली परक्या वाद्यांच्या सोबतीने पुन्हा गात होती. ज्या घराची ती स्वामिनी, त्याच घरी पाहुणी होऊन आली होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या आवाजाने जुन्या मुद्रणाची नक्कल करण्याचा हट्ट धरला नाही. व्हायोलिन आणि चेलो जिथे बोलत होते तिथे तो थांबला आणि त्यांनी हात पुढे केला तिथे त्यांच्याबरोबर चालला.

याच वर्षी त्यांचा आवाज आणखी एका परक्या घरी पोहोचला. पण तिथे त्यांना कोणी गाण्यासाठी बोलाविले नव्हते. ‘द ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकन चमूने ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ हे गीत केले. त्यासाठी ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतील आशाताईंच्या दोन गीतांचे तुकडे घेतले. जुन्या मुद्रणाचा अंश कापून नव्या गीतात बसविण्याची ही रीत पाश्चात्त्य संगीतात रूढ आहे.

ही दोन्ही गीते कल्याणजी-आनंदजी यांची. कच्छहून मुंबईत येऊन गिरगावात किराणा दुकान थाटणाऱ्या विरजी शाह या जैन व्यापाऱ्याचे हे पुत्र. एका ग्राहकाला दुकानाची उधारी फेडता येईना, तेव्हा त्याने त्या बदल्यात मुलांना संगीत शिकविले, अशी त्यांच्या घराची आठवण सांगितली जाते. खतावणीत बुडीत म्हणून मांडावी लागली असती ती रक्कम अशी पिढ्यान्‌पिढ्या पुरणारी ठेव ठरली! कल्याणजींनी स्वतःही पाहुण्या सुराचे काम केले होते. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात जी बीन गाजली, ती त्यांनी क्लॅव्हायोलिन या विद्युत्‌वाद्यावर वाजविली होती. त्या बिनीवर डोलणाऱ्या कितीतरी श्रोत्यांना वादकाचे नाव ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी २००६ मध्ये लॉस एंजेलिस येथे ग्रॅमी पुरस्कारांचा समारंभ झाला. क्रोनोसबरोबरची ध्वनिमुद्रिका नामांकनात होती. तिला पुरस्कार लाभला नाही. ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ला मात्र रॅप विभागात पुरस्कार मिळाला. एकाच रात्री एकाच गायिकेचा आवाज दोन पंक्तींत बसलेला होता. जिथे मानाने बोलावून नाव दिले होते तिथे हात रिकामे राहिले, आणि जिथे आवाज कात्रीने कापून नेला होता तिथे पारितोषिक आले. ते अर्थातच त्या चमूच्या हाती गेले. गीताच्या रचनाकारांत कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावे नोंदली गेली. चाल आणि शब्द यांचे धनी कागदोपत्री निश्चित असतात. गळ्याचा धनी कोण, हा हिशेब मात्र दीर्घकाळ मोकळा राहिला होता. भारतात २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने कलावंताचा मानधनावरील हक्क स्पष्ट केला आणि पुढच्याच वर्षी गायकांच्या हक्कांसाठी ‘इसरा’ ही संस्था स्थापन झाली.

हा हिशेब आता अधिक बिकट झाला आहे. कात्रीने कापलेला तुकडा निदान त्याच गळ्यातून निघालेला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आता कोणाच्याही आवाजाला प्रसिद्ध गायकाच्या आवाजाचा मुलामा देता येतो. न गायलेले गाणे गायकाच्या नावावर जमा होऊ शकते. आशाताईंनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. संमतीवाचून प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजाची अशी नक्कल करण्याची साधने पुरविणे हा त्या व्यक्तीच्या हक्काचा भंग ठरतो, असे न्यायालयाने मानले.

या निर्णयाचे मोल जाणण्यास कायद्याचे ज्ञान लागत नाही. पेढीच्या नावाची हुंडी दुसऱ्याने खोट्या सहीने वटवावी, हे कोणताही व्यापारी सहन करणार नाही. गायकाची पेढी म्हणजे त्याचा आवाज, आणि आयुष्यभराच्या रियाजाने कमावलेली पत त्याच आवाजात साठविलेली असते.

खऱ्या पाहुण्या सुराची ओळख इथेच पटते. बॉय जॉर्जच्या वृंदघोषात, खाँसाहेबांच्या सरोदमागे आणि चार परक्या तंतुवाद्यांच्या मध्ये आशाताईंनी दरवेळी दोन निर्णय स्वतः घेतले होते: कुठे गायचे आणि कुठे थांबायचे. यंत्र सुराची प्रतिकृती करील, पण यजमानाच्या गाण्यासाठी आपला सूर आवरता घेणारे मन त्या प्रतिकृतीत असणार नाही. एखाद्या निवांत संध्याकाळी घरातील सर्वांनी क्रोनोसची ती ध्वनिमुद्रिका लावावी आणि आशाताई जिथे गात नाहीत, त्या जागाही लक्ष देऊन ऐकाव्यात.