एका रविवारचे मथळे आणि कुळगावचा पूर

१) वर्तमानपत्राची दुसऱ्या दिवशी रद्दी होते, असे म्हणतात. हे अर्धसत्य आहे. रद्दी होते ती मजकुराची. मथळा लोकांच्या स्मरणात इतिहास होऊन बसतो. रविवार, २८ जुलै २०१९ या एका दिवसाचे मथळे त्यासाठी पुन्हा वाचण्याजोगे आहेत. त्यांत हसण्यासारखे पुष्कळ आहे. हसून झाल्यावर जे उरते, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

२) प्रसंग अनेकांना आठवत असेल. शुक्रवार, २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान अडकली. शनिवारी दुपारपर्यंत १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्यांत ९ गर्भवती स्त्रिया होत्या. हे काम खरोखर मोठे होते.

३) मथळेकारांना याहून सोयीची गाडी मिळाली नसती. पुराणातली लक्ष्मी समुद्रमंथनातून पाण्याबाहेर आली. ही पुन्हा पाण्यात जाऊन उभी राहिली. एखादी साधी पॅसेंजर अडकली असती, तर बातमी आतल्या पानावर दोन ओळींत आटोपली असती. देवीचे नाव असले की पहिले पान आपोआप मिळते.

४) मग आकड्यांची गंमत. शनिवारी सकाळच्या बातम्यांत गाडीतील प्रवासी कुठे २,००० होते, कुठे ७००. सायंकाळपर्यंत ते १,०५० वर स्थिरावले. बदलापूर या नावाची प्रचलित व्युत्पत्ती अशी सांगतात, की जुन्या काळी येथे प्रवासाचे घोडे बदलत. त्या शनिवारी घोड्यांऐवजी आकडे बदलले, इतकाच फरक.

५) पण सर्वांत मोठा विनोद गावाच्या नावाचा आहे. ‘बदलापूर’ हे स्थानक ज्या भूमीवर उभे आहे, ते गाव कुळगाव. नगरपरिषदेचे अधिकृत नावही कुळगाव-बदलापूर, म्हणजे मान कुळगावला पहिला. रेल्वेने पाटीवर शेजारच्या गावाचे नाव लिहिले आणि मथळ्यांनी ती पाटीच प्रमाण मानली. यजमान घरात उभा आणि दारावर नाव शेजाऱ्याचे!

६) नावाचे एक वेळ सोडून देता येईल. व्याकरणाचे सोडता येत नाही. मराठी वृत्तपत्रांतील पावसाळी मथळ्यांचा साचा ठरलेला आहे : पावसाचे थैमान, पावसाने झोडपले, जनजीवन विस्कळीत. या वाक्यांत कर्ता नेहमी पाऊस असतो. माणूस केवळ कर्म. आणि तेही विस्कळीत झालेले.

७) पावसाला कर्ता केले, की पुढचे सारे सोपे होते. पाऊस न्यायालयात येत नाही, खुलासा देत नाही, निवडणूक लढवत नाही. नदीच्या पात्रालगत बांधकामाला अनुमती कोणी दिली, नाले कोणी बुजवले, मुसळधार पावसात गाडी पुढे सोडण्याचा निर्णय कोणत्या माहितीवर झाला, या प्रश्नांतला कर्ता मात्र हाडामांसाचा असतो. म्हणूनच तो मथळ्यात येत नाही.

८) तारखेकडेही पाहावे. २६ जुलै! बरोबर १४ वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा मुंबईत शाळकरी मुलालाही पाठ असतो. त्याच दिवशी उल्हास नदीने बदलापूर ते कल्याण या पट्ट्यात जो हाहाकार केला, त्याचा आकडा कोणाला पाठ आहे? मथळा मुंबईचा होता. पूर मात्र सर्वांचा होता.

९) उल्हास नदीला मथळे वाचता येत नाहीत. ती घाटमाथ्याकडून उतरते, कर्जत, नेरळ, वांगणी ओलांडून कुळगावच्या अंगणात येते. वर घाटात पाऊस कोसळला, की खाली पाणी चढणार, यात अकल्पित काहीच नाही. तिच्यावरील बॅरेजचे पाणी हे शहर वर्षभर पिते. तीच नदी पावसाळ्यात दारात आली, की ‘अस्मानी संकट’ ठरते.

१०) आता शहराचे मान पाहावे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. मुंबईत घर न परवडणारा चाकरमानी येथे आला. मांजर्ली, कात्रप, बेलवली, वालिवली या गावांची नावे इमारतींच्या पत्त्यांपुरती उरली. माणसे वाढली, नदीचे पात्र मात्र त्या मानाने रुंदावले नाही.

११) त्या शनिवारी पाणी केवळ रुळांवर नव्हते. नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांवरही होते. गाडीतले प्रवासी विशेष गाडीने कोल्हापूरला रवाना झाले. तळमजल्यावरच्या कुटुंबासाठी विशेष गाडी नसते. त्याला चिखल उपसून तेथेच राहायचे असते. सुटका हा मथळा होतो. साफसफाई हा मथळा होत नाही.

१२) यावर एक आक्षेप संभवतो : मथळ्यात जागा किती असते? आणि जवानांचे कौतुक करू नये काय? अवश्य करावे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावांतून धावलेले लोक कौतुकास पात्रच आहेत. परंतु सुटकेचा जयघोष इतका मोठा करू नये, की ‘माणसे अडकली का?’ हा प्रश्नच ऐकू येऊ नये.

१३) पुढचा अंक अधिक रंजक आहे. उल्हास नदीच्या पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराचा मोठा भाग रेषांच्या आत येतो असे दिसताच बांधकामांचा प्रश्न उभा राहिला आणि मागणी निघाली : रेषा बदला! सर्वेक्षणात चूक असेल, तर ती अवश्य सुधारावी. पण नदीला नकाशा दाखवून परत पाठवता येत नाही.

१४) घोडे बदलले, आकडे बदलले, गावाचे नाव बदलले, आता पूररेषाही बदलायची. बदलला नाही तो एकटा पूर. बदलापूर या शब्दाची नवी फोड कोणास हवी असेल, तर ती ही : बदला सर्व काही, पूर सोडून. आणि पुढच्या जुलैत मथळा पुन्हा तोच येईल : पावसाचे थैमान.