गंज झाकणारा पत्रा

मीरा-भाईंदरच्या गॅरेजांत जुन्या जीपगाड्या अजून कामाला येतात. इंजिन दुरुस्त करून पुष्कळ वर्षे चालते, आधी जातो तो पत्रा. एकीकडे खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, शिवाय मिठागरे. या खाऱ्या हवेत फ्लोअर आणि दरवाज्याखालची पट्टी लवकर सडते. मालक म्हणतो, "उस्ताद, स्वस्तात करून द्या." मग सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून रिव्हेट मारले जातात, वर पुट्टी आणि रंग. गाडी ईदच्या दिवसासारखी नटते. पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत तीच जागा फुगून येते.

आमच्या कापड बाजारात डागी माल सेकंड म्हणून, कमी भावाने, सांगून विकला तर कोणी बोट दाखवत नाही. तोच माल घडीत लपवला की दगा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर ठेवण्यास सांगितले, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. पत्र्याखालची ओल याहून वेगळी नाही.

यात धातूचाही प्रश्न आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पॉप रिव्हेट स्वस्त आणि एका बाजूने बसतो, म्हणून सर्रास वापरतात. पण लोखंडी पत्र्यात तो बसला आणि खारे पाणी मिळाले की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्ले जाते, रिव्हेट ढिला होतो. भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यांमुळे स्टेनलेस स्टीलचे तुकडे सहज मिळतात. पण ते साध्या लोखंडावर ठोकले तर कडेचे लोखंड जास्त वेगाने गंजते. इंग्लंडची लँड रोव्हर १९४८ साली निघाली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. ती गाडीही जिथे लोखंडाला टेकते तिथेच पांढरी भुकटी होऊन झिजते.

खरे काम वेळ खाते. रिव्हेट छिन्नीने उडवू नये, भोक फाटते. त्याच मापाच्या ड्रिलने डोके काढून खालचा भाग ठोकून बाहेर काढावा. सडलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापावा. दोन्ही पत्र्यांच्या आतल्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर आणि सांध्यात सीलर लावूनच जोडावे. पत्रा ज्या धातूचा त्याच धातूचा रिव्हेट घ्यावा. भोक मोठे झाले असेल तर पुढचे माप. भरीव रिव्हेटला दोन माणसे लागतात, एक हातोड्यावर, एक मागे लोखंड धरून. शागिर्दाचे हात यातच तयार होतात. जीपचा मूळ पत्रा स्पॉट वेल्डिंगचा असेल तर तिथे वेल्डिंगच बरे.

गिऱ्हाईकही निर्दोष नाही. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. एवढे भरून जुनी गाडी ठेवणारा माणूस पत्र्याच्या मजुरीत मात्र शंभर-दोनशेसाठी अडतो. त्याला दोन भाव वेगळे लिहून द्यावेत: ठिगळाचा एक, बदलण्याचा दुसरा. पत्रा उघडल्यावरच अंतिम भाव सांगावा आणि काढलेला सडका तुकडा गाडी नेताना त्याच्या हवाली करावा.