'मुड़' आपण म्हणावे

ड्रिलच्या मैदानावर आपण पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकतो. 'दाहिने' ऐकून कोणी वळत नाही. 'मुड़' ऐकल्यावरच वळायचे. पहिला शब्द काय करायचे ते सांगतो, दुसरा ते करायला लावतो. संगणकाला साध्या इंग्रजीत काम सांगण्याच्या नव्या सोयीलाही हाच नियम हवा, असे माझे मत आहे.

आजवर एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून काम करून घ्यायचे तर एपीआय नावाच्या खिडकीवर ठरावीक नमुन्यातली चिठ्ठी द्यावी लागे. एक रकाना चुकला की चिठ्ठी परत. आता भाषा मॉडेल आपले वाक्य वाचून ती चिठ्ठी स्वतः लिहिते. आपल्या बेंगळुरूतल्या झिरोधा या शेअर दलाल कंपनीने २०२५ मध्ये ग्राहकांना अशी सोय दिली. "माझे कोणते शेअर तोट्यात आहेत?" असे विचारले की मॉडेल खात्यातून माहिती आणून सांगते. मात्र सुरुवातीला या सोयीतून खरेदी-विक्री करण्याची मुभा कंपनीने ठेवली नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

कारण चिठ्ठ्या दोन प्रकारच्या असतात: माहिती मागणाऱ्या आणि काहीतरी बदलणाऱ्या. टेहळणी चुकली तर पुन्हा करता येते. भलत्याच खात्यात गेलेले पैसे परत आणणे अवघड. शिवाय साधी इंग्रजी वाटते तितकी साधी नसते. 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे येता शुक्रवार की त्यापुढचा? ०५/०६ ही तारीख आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. मॉडेल अनेकदा न विचारता एक अर्थ धरून मोकळे होते. कधी तर अस्तित्वातच नसलेल्या खिडकीचे नाव लिहिते. २०२३ मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात शिशिर पाटील आणि सहकाऱ्यांनी याच दोषावर 'गोरिला' हे मॉडेल तयार केले. एपीआयची माहितीपुस्तिका समोर ठेवून चिठ्ठी लिहायला त्याला शिकवले. दोष बराच कमी झाला, पण संपला नाही.

काही मित्र म्हणतात, दरवेळी विचारत बसायचे तर वेळ वाचला कुठे? माहितीपुरते विचारू नये, हे मलाही मान्य आहे. पण पैसे, तिकीट किंवा नोंदी बदलणारी चिठ्ठी पाठवण्याआधी मॉडेलने नाव, तारीख आणि रक्कम वाचून दाखवावी. वायरलेसवर महत्त्वाचा संदेश घेणारा जवान तो परत म्हणून दाखवतो, तसेच हे. त्यानंतर 'मुड़' आपण म्हणावे.

पालकांनाही एक विनंती. आता प्रोग्रामिंग शिकायची गरज उरली नाही, असे मुलांना सांगू नका. चिठ्ठी वाचता आली तरच तिच्यातली चूक दिसेल. आणि चुकीच्या हुकमाचा जाब, तो लिहिणाऱ्या यंत्राला नव्हे, देणाऱ्यालाच विचारला जातो.